तुमच्या नावावर दुसऱ्यानेच लोन काढलं तर? आयडेंटिटी थेफ्टचे कायदे, शिक्षा आणि तक्रार करायची पद्धत

शिक्षेचं आधीच सांगून टाकतो, कारण बहुतेकजण तेच शोधत येतात. आपल्याकडे आयडेंटिटी थेफ्टचं मुख्य कलम म्हणजे आयटी ॲक्ट २००० (माहिती तंत्रज्ञान कायदा) मधलं ६६ सी. दुसऱ्याचा पासवर्ड, इलेक्ट्रॉनिक सही किंवा ओळख पटवणारी कुठलीही युनिक गोष्ट लबाडीने वापरली तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. हे कलम २००८ च्या दुरुस्तीने आलं आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालं. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना एफआयआर घ्यायला कोर्टाची परवानगी लागत नाही, पण जामीनपात्रही आहे, म्हणजे आरोपी सापडला तरी जामीन हा त्याचा हक्कच आहे.

एवढं वाचून "मग काय उपयोग" असं वाटणं साहजिक आहे. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे या प्रकारात गुन्हा एकट्या ६६ सी वर क्वचितच थांबतो, त्याच्या जोडीला लागणारी कलमं जास्त जड असतात. आणि दुसरं, माझ्या मते जास्त महत्त्वाचं, चोराला जेलमध्ये पाठवणं हे तुमचं पहिलं काम नाहीच, "हे मी केलेलं नाही" हे तारखेसकट सरकारी कागदावर आणणं हे पहिलं काम आहे. लोन कंपनी, सिबिल (लोनचा रेकॉर्ड ठेवणारी कंपनी), बँक, इन्कम टॅक्स, सगळे पुढे तोच कागद मागणार आहेत. आरोपी सापडेल न सापडेल, कागद मात्र तुमच्या हातात आहे.

कुठली कलमं लागतात

आधी तारीख बघा. प्रकार १ जुलै २०२४ च्या आधी घडला असेल तर आयपीसी, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता लागते, त्या दिवशी किंवा नंतर घडला असेल तर भारतीय न्याय संहिता, म्हणजे बीएनएस. तुम्हाला कळलं कधी यावर हे ठरत नाही, गुन्हा घडला कधी यावर ठरतं. २०२३ मध्ये कोणी तुमच्या पॅनवर लोन काढलं आणि तुम्हाला ते आत्ता कळलं तर कलमं जुनीच, ४१९, ४२० वगैरे. आयटी ॲक्ट दोन्हीकडे तोच.

६६ सी च्या शेजारचंच कलम ६६ डी, मोबाईल किंवा कॉम्प्युटर वापरून दुसऱ्याच्या नावाने फसवणूक, शिक्षा तेवढीच, ३ वर्षं आणि १ लाख. फरक असा की ६६ सी ला तुमची ओळख वापरली एवढं पुरतं, ६६ डी ला त्या ओळखीने कोणालातरी फसवलेलं असावं लागतं. तुमच्या नावाचं प्रोफाइल बनवून मित्रांकडे पैसे मागितले की दोन्ही बसतात.

बीएनएसमध्ये ३१९ म्हणजे तोतयेगिरी करून फसवणूक, ५ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. जुन्या ४१९ ला हेच ३ वर्षं होतं, म्हणजे इथे शिक्षा वाढली आहे. ३१८(४) हे जुनं ४२०, फसवून पैसे किंवा मालमत्ता काढून घेणं, ७ वर्षांपर्यंत आणि दंड, आणि हे अजामीनपात्र आहे. फसवणुकीसाठी खोटी कागदपत्रं बनवली, म्हणजे तुमच्या आधारवर दुसऱ्याचा फोटो चिकटवला, खोटी सॅलरी स्लिप जोडली, तर ३३६(३), तेही ७ वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र, आणि ती खोटी कागदपत्रं खरी म्हणून वापरली की ३४०(२). बघा म्हणजे, ज्या लोन फ्रॉडमध्ये खोटा केवायसी वापरला गेलाय तिथे नुसतं ६६ सी लावून घेतलं तर आरोपीला ३ वर्षांच्या जामीनपात्र गुन्ह्यावर सोडून दिल्यासारखं होतं. तक्रारीत "बनावट कागदपत्रे तयार करून वापरली" आणि "त्याद्वारे रक्कम उचलली" ही दोन वाक्यं स्पष्ट असली पाहिजेत, कलम लावणं पोलिसांचं काम आहे पण कलमाला लागणारी फॅक्ट तुम्हीच द्यायची असते.

टोळीचं काम असेल तर बीएनएस १११, संघटित गुन्हेगारी, त्यात सायबर गुन्हेही धरलेत, किमान ५ वर्षं ते जन्मठेप आणि दंड ५ लाखांच्या खाली नाही. पण ते लावायला मागच्या १० वर्षांत एकाहून जास्त चार्जशीट वगैरे अटी आहेत, त्यामुळे तुमच्या एका तक्रारीवर ते लागेल अशी अपेक्षा ठेवू नका. कोणी पोलीस किंवा सीबीआय अधिकारी असल्याचं सोंग घेतलं असेल तर २०४, किमान ६ महिने ते ३ वर्षं.

आधार कायदा २०१६ चं वेगळंच आहे. दुसरा माणूस बनून आधारमधली माहिती किंवा बायोमेट्रिक बदललं तर ३ वर्षांपर्यंत आणि १० हजारांपर्यंत दंड. पूर्वी या कायद्याखाली फक्त यूआयडीएआयच (आधार देणारी सरकारी संस्था) कोर्टात तक्रार करू शकायची, २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यांत आधारधारकालाही करता येते. आणि सिमकार्ड तुमच्या नावाने लबाडीने काढलं असेल तर टेलिकम्युनिकेशन ॲक्ट २०२३ चं कलम ४२, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम जून २०२४ पासून लागू आहे, तरी ते आठवणीने सांगावं लागतं, कारण सवयीने ६६ सी, ६६ डी लिहून विषय संपवला जातो.

आयटी ॲक्ट आणि आयपीसी किंवा बीएनएस एकाच कृत्यासाठी एकत्र लावता येतात का यावर हायकोर्टात वाद झालेले आहेत, तो भाग वकिलावर सोडा, तक्रारीत फक्त घटना पूर्ण येऊ द्या.

पैसे गेले असतील तर आधी फोन, बाकी सगळं नंतर

खात्यातून पैसे गेलेत आणि तुम्ही आत्ता हे वाचताय तर वाचणं थांबवा आणि १९३० लावा. ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, गृह मंत्रालयाच्या सिस्टिमवर बँका, वॉलेट कंपन्या जोडलेल्या आहेत, ट्रान्झॅक्शन आयडी दिला की पैसा ज्या खात्यात गेला तिथे तो अडवायचा प्रयत्न होतो. पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात असा पळत असतो आणि शेवटी एटीएममधून बाहेर पडतो, एकदा कॅश झाली की संपलं, म्हणून पहिले काही तास. हेच काम नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवरही होतं. सोबत बँकेला कळवा, आणि फोनवर नाही तर लेखी, ईमेल किंवा ॲपमधली कंप्लेंट, नंबर मिळाला पाहिजे.

लेखी का, तर असा व्यवहार झाला की ग्राहकाची जबाबदारी किती, याचे आरबीआयचे नियम, जे ६ जुलै २०१७ च्या सर्क्युलरने आले. चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, मधल्या तिसऱ्याचीच गडबड, आणि तुम्ही ३ वर्किंग डेच्या आत बँकेला कळवलं, तर त्या सर्क्युलरप्रमाणे तुमची जबाबदारी शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर मर्यादित, साध्या सेव्हिंग खात्याला १० हजारांपर्यंत. त्यानंतर बँकेच्या पॉलिसीवर. तुम्ही कळवल्यापासून १० वर्किंग डेमध्ये बँकेने रक्कम तात्पुरती क्रेडिट करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर टाकलेली आहे. ब्रांचमध्ये "ओटीपी तुमच्याच मोबाईलवर गेला" म्हणून परत पाठवतात तेव्हा आरबीआयच्या या नियमांचा उल्लेख ईमेलमध्ये करा. अर्थात तुम्ही स्वतःच ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं.

मोबाईलचं नेटवर्क अचानक गेलंय आणि शेजारच्यांचं त्याच कंपनीचं चालू आहे, असं झालं तर सिम स्वॅपचा संशय घ्या. म्हणजे तुमच्या नावाचं डुप्लिकेट सिम कोणीतरी ॲक्टिव्हेट केलंय आणि ओटीपी आता त्याला जाताहेत. दुसऱ्याच्या फोनवरून मोबाईल कंपनी आणि बँक दोघांना लगेच ब्लॉक करायला सांगा.

नुकसान किती पसरलंय ते बघा

तक्रार लिहायच्या आधी एक पूर्ण दिवस यात घालवला तरी चालेल, कारण एक लोन सापडलं की बहुतेकवेळा त्याच्या मागे अजून काहीतरी असतं आणि दर आठवड्याला नवी तक्रार देत बसण्यापेक्षा एकदाच सगळं दिलेलं बरं.

क्रेडिट रिपोर्ट चारही ब्युरोंचा, म्हणजे लोनचा रेकॉर्ड ठेवणाऱ्या कंपन्यांचा काढा, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट प्रत्येकाने फुकट द्यायचा असतो. फक्त सिबिल बघून थांबू नका, छोट्या लोन ॲपवाल्यांचं लोन एका ब्युरोत दिसतं आणि दुसऱ्यात नाही असं होतं. रिपोर्टमध्ये खाली एन्क्वायरी नावाचा भाग असतो तो नीट वाचा, तुम्ही जिथे कधी अर्जच केला नाही अशा कंपन्यांची नावं तिथे दिसली म्हणजे कोणीतरी प्रयत्न करतोय, लोन मिळालं नसलं तरी.

संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती मोबाईल नंबर आहेत ते दिसतं, अनोळखी नंबर तिथूनच "माझा नाही" म्हणून कळवता येतो. आधारच्या साइटवर ऑथेंटिकेशन हिस्ट्री, मागच्या ६ महिन्यांत तुमचा आधार कुठे कुठे वापरला गेला ते. तिथेच बायोमेट्रिक लॉक करून टाका, बोटांच्या ठशांचे नकली साचे करून आधारवरून पैसे काढल्याची प्रकरणं झालेली आहेत आणि लॉक असेल तर तो ठसा चालतच नाही. इन्कम टॅक्स पोर्टलवर एआयएस (तुमच्या पॅनवर नोंदलेल्या वर्षभराच्या व्यवहारांचं स्टेटमेंट) उघडा, तुमच्या पॅनवर न केलेली विक्री, न मिळालेला पगार, न उघडलेल्या खात्याचं व्याज दिसलं तर ती माहिती तुमची नाही असा फीडबॅक तिथेच देता येतो. आणि जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून सर्च करा, लोकांच्या पॅनवर बोगस फर्म निघतात आणि बिचाऱ्याला नोटीस आल्यावर कळतं की आपण व्यापारी आहोत.

पुरावा

स्क्रीनशॉट सगळेच काढतात, पण त्यात तारीख, वेळ, नंबर, पूर्ण लिंक दिसते का ते बघा. एसएमएस डिलीट करू नका, फोन फॉरमॅट करू नका, फोन विकायचा विचार असेल तर पुढे ढकला. कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रिंट कोर्टात द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट लागतं, जुन्या कायद्यात हे ६५ बी होतं आणि ते सर्टिफिकेट बंधनकारक आहे हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये अर्जुन खोतकरांच्या जालन्याच्या निवडणूक प्रकरणात पक्कं केलं. मूळ फोनच कोर्टासमोर आला तर तेवढा त्रास नाही. म्हणून मूळ वस्तू जपा.

तक्रार कशी लिहायची

एक पान, जास्तीत जास्त दोन. भावना, शिव्या, बँकेवरचा राग बाहेर ठेवा. ढोबळ मजकूर असा:

"दि. ___ रोजी मी माझा क्रेडिट रिपोर्ट पाहिला असता ___ या कंपनीने माझ्या पॅन क्रमांकावर दि. ___ रोजी रु. ___ कर्ज दिल्याचे मला प्रथमच समजले. मी या कर्जासाठी अर्ज केलेला नाही, कोणत्याही कागदपत्रावर सही केलेली नाही आणि ही रक्कम माझ्या कोणत्याही खात्यात जमा झालेली नाही. अज्ञात व्यक्तीने माझी ओळख व बनावट कागदपत्रे वापरून ही रक्कम उचललेली आहे."

मग खाली तारखांचा क्रम आणि सोबत जोडलेल्या कागदांची यादी. तुम्ही ओटीपी दिला असेल, लिंकवर क्लिक केलं असेल, तर ते लपवू नका, कॉल रेकॉर्ड आणि लॉगमध्ये ते निघतंच आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. फसवून ओटीपी घेतला म्हणजे गुन्हा नाहीसा होत नाही.

सायबर क्राइम पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नाही, तिथे मिळतो तो फक्त पोचनंबर. तो घेऊन पोलीस स्टेशनला जा. "हे आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर आता चालत नाही, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, पोलीस आणि कोर्टाच्या प्रक्रियेचा कायदा) कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो माहिती नोंदवून घ्यावी लागते, झिरो एफआयआर म्हणतात ते हेच, आणि एफआयआरची कॉपी फुकट मिळते. ऑनलाइन माहिती दिली तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. आयटी ॲक्टच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याच्या वरच्याच अधिकाऱ्याने करायचा असतो, त्यामुळे पीआय साहेबांना भेटायचा आग्रह धरा. नाहीच घेतली तर तीच तक्रार पोस्टाने एसपींना, पोलीस आयुक्तालय असेल तर डीसीपींना पाठवा, पोचपावती ठेवा, आणि तरी हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे कलम १७५(३) खाली अर्ज, त्याला ॲफिडेव्हिट लागतं. या पायऱ्या गाळल्या तर कोर्ट परत पाठवतं. एफआयआर झाल्यावर तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत तुम्हाला कळवायची जबाबदारी पोलिसांवर आहे, विचारायला लाजू नका.

लोन कंपनी आणि सिबिल

कस्टमर केअरशी बोलत बसू नका, कंपनीच्या वेबसाइटवर ग्रिव्हन्स ऑफिसरचा ईमेल असतो तिथे लिहा. एफआयआरची कॉपी जोडा आणि पाच गोष्टी मागा: अर्जाची कॉपी, केवायसीचे कागद आणि सेल्फी किंवा व्हिडिओ, ओटीपी आणि ई-साइनचा लॉग, आयपी ॲड्रेस, आणि पैसे ज्या खात्यात गेले त्याचा तपशील. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. आरबीआयच्या डिजिटल लेंडिंगच्या (ॲपवरून दिलेल्या लोनच्या) नियमांप्रमाणे, काही ठरावीक अपवाद सोडले तर, लोनचे पैसे कर्जदाराच्याच बँक खात्यात जायला हवेत. मग तुमच्या नावाचं लोन दुसऱ्याच्या खात्यात गेलं कसं, हे सांगायची वेळ कंपनीची.

"आत्ता हप्ता भरून टाका, नंतर रिफंड करू" असं म्हणतील. भरू नका. एक हप्ता भरला की तुम्ही लोन मान्य केलं असा अर्थ पुढे लावला जातो. रिकव्हरीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, त्यांना एफआयआर नंबर सांगा आणि बोलणं ईमेलवर आणा.

सोबतच प्रत्येक ब्युरोकडे ऑनलाइन डिस्प्यूट टाका. दुरुस्तीला ३० दिवस असतात, त्यापुढे गेलं तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा आरबीआयचा नियम २०२४ पासून लागू आहे. रक्कम मोठी नाही पण ईमेलमध्ये त्याचा उल्लेख आला की फाइल हलते. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवी केली तर आरबीआय लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फी लागत नाही, वकील लागत नाही.

पोलिसांनी तुम्हालाच बोलावलं तर

याची तयारी फार कमी लोक ठेवतात. तुमच्या नावाच्या सिमवरून किंवा तुमच्या आधारवर उघडलेल्या खात्यातून दुसऱ्या कोणाला तरी फसवलं गेलं, तर त्या पीडिताच्या तक्रारीत आरोपी म्हणून पहिलं नाव तुमचं येतं, आणि नोटीस येते ती कधी कधी वेगळ्याच राज्यातून. बीएनएसएस कलम ३५(३) ची नोटीस असेल तर टाळू नका, हजर राहिलात आणि अटी पाळल्या तर सहसा अटक करता येत नाही, करायची झाली तर कारणं लिहून ठेवावी लागतात. ही नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय, त्यामुळे व्हॉट्सॲपवर नोटीस पाठवून व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अरेस्ट" करणारा माणूस पोलीस नाही, फोन ठेवा. खऱ्या नोटिशीला वकिलाला घेऊन जा आणि तुमची जुनी तक्रार, संचार साथीवरचा रिपोर्ट, घटनेच्या वेळी तुम्ही कुठे होतात त्याचा पुरावा न्या. इथे ती तारखेसकटची तक्रार किती कामाला येते ते कळतं, नोटीस यायच्या आधीची तक्रार आणि नोटीस आल्यावर घाईने केलेली तक्रार यांना एकच वजन नसतं.

मात्र महिना दोन-पाच हजारांसाठी स्वतःचं खातं किंवा सिम दुसऱ्याला वापरायला दिलं असेल तर ती आयडेंटिटी थेफ्ट नाही, तिथे तुम्ही आरोपीच्या बाजूला आहात. कॉलेजची पोरं यात सर्रास अडकतात.

खातं फ्रीझ झालं असेल तर बँकेकडून तक्रारीचा पोचनंबर आणि पोलीस स्टेशनचं नाव लेखी मागा, तपास अधिकाऱ्याला खुलासा पाठवा, नाही सुटलं तर कोर्टात अर्ज.

फेक प्रोफाइल आणि भरपाई

फेक प्रोफाइलला आधी प्लॅटफॉर्मवरच रिपोर्ट करा, २०२१ च्या आयटी रूल्सनी तोतयेगिरीच्या मजकुरावर पीडिताच्या तक्रारीनंतर कारवाईला २४ तासांची मुदत घातली होती, डीपफेक, मॉर्फ फोटोही त्यात आले. पण रिपोर्ट करायच्या आधी लिंक आणि स्क्रीनशॉट जपा, प्रोफाइल उडालं की पुरावाही उडतो.

भरपाई फौजदारी केसमधून मिळेल या भरवशावर राहू नका. आयटी ॲक्टच्या कलम ४६ खाली राज्याचे आयटी सचिव ॲडज्युडिकेटिंग ऑफिसर, म्हणजे भरपाईचे दावे ऐकून निकाल देणारे अधिकारी असतात, ५ कोटींपर्यंतचे दावे तिथे चालतात. महाराष्ट्रात त्यांनी बँका, मोबाईल कंपन्यांना ग्राहकांची भरपाई करायला लावल्याचे आदेश आहेत. लोकांना हा रस्ताच माहीत नसतो. डेटा प्रोटेक्शन ॲक्ट २०२३ मधला २५० कोटींपर्यंतचा दंड ऐकून हुरळून जाऊ नका, तो सरकारजमा होतो.

आणि मुदत. ३ वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात एफआयआर किंवा कोर्टातली तक्रार ३ वर्षांच्या आत व्हावी लागते, एरवी कोर्टाला दखल घेता येत नाही, बीएनएसएस कलम ५१४. ६६ सी त्यातच येतं. गुन्हा घडला हेच माहीत नसेल तर मुदत तो कळल्या दिवसापासून मोजतात, म्हणून क्रेडिट रिपोर्ट ज्या दिवशी डाउनलोड केला त्या दिवसाचा ईमेल जपून ठेवा. ३१८(४) सारख्या ७ वर्षांच्या कलमांना ही मुदत नाही.